‘सेट’चा पसारा

इंग्रजी वर्णमालेतली २६ अक्षरे हेन्री ब्रॅडली यांना कमी पडली. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशासाठी ते ‘सेट’ या क्रियापदाची नोंद तयार करत होते. अर्थांचे १५४ मुख्य विभाग झाले. त्यांतला शेवटचा ‘सेट अप’ या जोडप्रयोगाचा. त्याच्या पोटातल्या अर्थांना एकेक अक्षर देता देता ‘झेड’ आला, तरी अर्थांची रांग संपेना. मग ‘डबल ए’, ‘डबल बी’ असे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले आणि ‘डबल आर’ला, म्हणजे ४४व्या पोटअर्थाला, ती रांग थांबली. १९१२ साली छापून निघालेल्या या एका नोंदीने कोशाची तीन स्तंभांची, बारीक टाइपातली अठराहून अधिक पाने व्यापली.

शब्द केवढा, तर तीन अक्षरांचा!

मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्यांना याची झळ चांगली ठाऊक आहे. ‘इलेक्ट्रिसिटी’ किंवा ‘थर्मामीटर’ पाठ करायला वेळ लागतो, पण एकदा पाठ झाला की तो शब्द दगा देत नाही. घोडे अडते ते ‘सेट’, ‘रन’, ‘टेक’, ‘पुट’, ‘गेट’ यांच्यापाशी. शब्द ओळखीचा, वाक्य मात्र अनोळखी. त्यात मागे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’ यांतले एखादे शेपूट लागले, की घरातला जुना इंग्रजी-मराठी कोश काढायचा आणि पान भरून पसरलेल्या अर्थांतून आपला अर्थ कोणता ते बोटाने शोधत बसायचे. कोशकारांचीही नेमकी हीच गत झाली आहे, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. इंग्रजी कोशांचा इतिहास अवघड शब्दांच्या अंगाने नेहमी सांगितला जातो. या लहान क्रियापदांच्या अंगाने पाहिला, तर त्या धंद्यातले खरे कष्ट दिसतात.

‘सेट’चे मूळ साधे आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे, असे हे प्रयोजक रूप. ‘सिट’ आणि संस्कृतातला ‘सद्’ धातू हे एकाच प्राचीन कुळातले. आपल्या सदन, संसद, परिषद, उपनिषद या शब्दांत तो धातू आजही बसलेला आहे. ‘बसणे’ हे मराठी क्रियापद वेगळ्या मुळातून, ‘उपविश्’वरून आले. तरी बसण्यातून बसवणे आणि बसवण्यातून शंभर कामे, ही वाट दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे चालली आहे. इंग्रज वैद्य मोडलेले हाड ‘सेट’ करतो, आपला हाडवैद्य ते बसवतो. तिकडचा जवाहिऱ्या खडा ‘सेट’ करतो, इकडचा सोनार तो कोंदणात बसवतो. तिकडची शेतकरीण कोंबडीला अंड्यांवर ‘सेट’ करते आणि आपल्याकडे खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवतात. इथवर दोघे हातात हात घालून येतात. पुढे मात्र वाटा फुटतात. आपण घट बसवतो, गणपती बसवतो, नाटक बसवतो, कर बसवतो, पोरांवर वचक बसवतो. इंग्रजीचा ‘सेट’ सापळ्याकडे, आगीकडे आणि घड्याळाच्या गजराकडे वळतो, तेव्हा मराठी ‘बसवणे’ बाजूला ठेवून ‘लावणे’ हाती घेते. पावसाने मुक्काम ठोकला की इंग्रजीत तो ‘सेट इन’ होतो आणि आपल्याकडे झड लागते. दही तिकडे ‘सेट’ होते, इकडे लागते. जेवणाचे टेबल तिकडे ‘सेट’, तर इकडे ताटे मांडली जातात. परीक्षेचा पेपर मराठीत ‘काढतात’ आणि नवी प्रथा ‘पाडतात’. एका ‘सेट’ची पावती फाडायला मराठीला चार-पाच क्रियापदांच्या सह्या लागतात.

यातला एकेक अर्थ म्हणजे एकेका कामाची खूण आहे. ‘सेट सेल’ हा प्रयोग मूळचा शीड वाऱ्यावर नीट लावण्याचा. त्यावरून तो जहाज निघण्याला लागू झाला. कोकणातले दर्यावर्दी याच क्षणाला गलबत हाकारणे म्हणत. छपाई आल्यावर शिशाचे खिळे ओळीत लावण्यासाठी इंग्रजांनी हेच क्रियापद उचलले, आणि आपल्याकडे त्याच कामासाठी खिळे ‘जुळवणे’ रूढ झाले. ते करणारा तो जुळारी. सुतार करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवतो, म्हणजे पाते लाकडात अडकत नाही. त्या वाकवण्यालाही इंग्रजीत ‘सेट’च. सूर्यसुद्धा ‘सेट’ होतो. जुन्या इंग्रजीत सूर्यास्तासाठी जो शब्द होता, त्याचा शब्दशः अर्थ सूर्याचे आसनाकडे जाणे असा होता. वेदकाळी ‘अस्त’ म्हणजे घर, आणि अस्ताला जाणे म्हणजे घरी जाणे. दोन दूरदेशींच्या माणसांनी संध्याकाळचे आभाळ पाहून दमलेल्या सूर्याला बसायला जागा दिली, हे शब्दांच्या इतिहासातले एक फार लोभस दृश्य आहे.

हे सगळे एका जागी लिहून ठेवावे असे मात्र पहिल्या इंग्रजी कोशकारांना वाटले नाही. रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने १६०४ मध्ये काढलेल्या कोशात अडीच हजारांच्या आसपास शब्द होते आणि ते निवडून निवडून कठीण घेतलेले होते. लॅटिन, ग्रीक, फ्रेंचमधून आलेले ते शब्द वाचकाला अडत, म्हणून कोश. ‘सेट’ आणि ‘गो’ काय, ते तर प्रत्येकाला येतातच! जवळपास शंभर वर्षे हीच समजूत चालली. १७०२ मध्ये जॉन कर्सी यांच्या नावे ओळखला जाणारा, सुमारे २८ हजार शब्दांचा कोश आला. रोजच्या वापरातल्या शब्दांना कोशात मानाने जागा मिळण्याची सुरुवात तिथून झाली. १७२१ मध्ये नेथन बेली यांनी संख्या ४० हजारांवर नेली. पण साध्या क्रियापदापुढे दोन-तीन प्रतिशब्द ठेवून ही मंडळी पुढे सरकत.

थांबला तो सॅम्युअल जॉन्सन. लंडनच्या गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर लांब टेबल, सहा लेखनिक, त्यांतले पाच स्कॉटलंडचे, आणि भोवती पुस्तकांचे ढीग. जॉन्सन वाचताना हव्या त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढी, समासात त्याचे आद्याक्षर लिही, आणि लेखनिक ते वाक्य उतरवून घेत. सुरुवातीला त्याने वह्यांमध्ये शब्दांसाठी जागा सोडून काम आखले होते. अर्थ त्या जागेत मावेनात, म्हणून ती मांडणी मोडून त्याला नव्याने बसावे लागले, असे त्याच्या हस्तलिखितांच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. १७५५ साली कोश बाहेर पडला, तेव्हा त्यात ४२,७७३ नोंदी आणि एक लाखाहून अधिक अवतरणे होती. ‘पुट’ला तीन पाने लागली होती. ‘टेक’चे अर्थ १३४ झाले होते आणि त्यांनी पाच पाने घेतली होती.

प्रस्तावनेत जॉन्सनने आपला थकवा लपवलेला नाही. ‘बेअर’, ‘ब्रेक’, ‘कम’, ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘डू’, ‘पुट’, ‘सेट’, ‘गो’, ‘रन’, ‘मेक’, ‘टेक’, ‘टर्न’, ‘थ्रो’ अशी सरळ यादी देऊन त्याने कबूल केले, की या क्रियापदांचे अर्थ इतके सैल आणि पसरट आहेत की त्यांना कुंपण घालता येत नाही. क्रियापदाला ‘ऑफ’, ‘इन’, ‘आउट’ जोडून होणारे प्रयोग परक्या माणसाला सर्वांत अवघड जातात, हेही त्याने नोंदवले आणि ते मुद्दाम कसोशीने गोळा केले. परभाषकाची ही अडचण त्याने आपली मानली. अडीचशेहून अधिक वर्षांनंतर मराठी मुलगा ‘सेट ऑफ’ शोधायला कोश उघडतो तेव्हा या माणसाचे ऋण त्याच्यावर असते.

जॉन्सननंतर शंभरेक वर्षांनी, नोव्हेंबर १८५७ मध्ये, लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच या धर्मगुरूने दोन व्याख्याने दिली. तोवरच्या कोशांतल्या उणिवा त्यांनी एकेक करून दाखवल्या. कोशकाराने भाषेला शिस्त लावायच्या भानगडीत पडू नये, इतिहासकारासारखे तिचे चरित्र लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. शब्द पहिल्यांदा कधी दिसला, त्याचा कोणता अर्थ केव्हा उगवला, केव्हा विझला, हे पुराव्यानिशी सांगायचे. पुरावा म्हणजे छापील किंवा हस्तलिखित ग्रंथातले, सालासकट दिलेले वाक्य. एवढी वाक्ये एक माणूस कुठून आणणार? ती लोकांकडून मागवायची.

यातून उभ्या राहिलेल्या ऑक्सफर्ड कोशाचे पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज क्षयाने १८६१ मध्ये वारले. वय अवघे ३०. चिठ्ठ्या ठेवायला त्यांनी ५४ कप्प्यांचे एक कपाट करून घेतले होते. त्यानंतरचे फ्रेडरिक फर्निव्हल उत्साहाचे कारंजे होते, पण कारभार विस्कळीत. चिठ्ठ्यांचे गठ्ठे देशभर मदतनिसांच्या घरी पांगले. १८७९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने जेम्स मरे यांच्याशी करार केला, तेव्हा त्यांच्याकडे सुमारे दोन टन चिठ्ठ्या येऊन पडल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला. ‘एच’ अक्षराचा गठ्ठा थेट इटलीत, फ्लॉरेन्समध्ये सापडला. ‘पीए’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधल्या एका तबेल्यात मिळाल्या, त्यांतल्या काही विस्तव पेटवायला वापरून झाल्या होत्या.

मरे स्कॉटलंडच्या खेड्यातले. १४व्या वर्षी शाळा सुटली, पुढचे सारे शिक्षण त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केले. लंडनजवळच्या मिल हिल शाळेत शिकवता शिकवता त्यांनी अंगणात पत्र्याची एक खोली उभी केली, तिला नाव दिले ‘स्क्रिप्टोरियम’, आणि आत १,०२९ कप्पे करून घेतले. कोलरिजच्या ५४ कप्प्यांशी हा आकडा ताडून पाहिला की कामाचा अंदाज येतो. १८८५ मध्ये ते ऑक्सफर्डला आले, तिथेही बागेत तसलीच खोली. शेजाऱ्याच्या दृश्याला अडथळा नको म्हणून ती जमिनीत काही फूट खाली बांधावी लागली. त्यामुळे आत कायम ओल. थंडीत मरे पाय एका पेटीत ठेवून लिहीत. टपाल एवढे येई-जाई, की टपाल खात्याने त्यांच्या दारासमोर लाल पेटी बसवली. तीही ‘सेट’च म्हणायची.

चिठ्ठी कशी असे? लिहायच्या कागदाचा अर्धा तुकडा, साधारण सहा बाय चार इंचांचा. डाव्या कोपऱ्यात शब्द. त्याखाली साल, लेखक, ग्रंथ, पान. मग पूर्ण वाक्य. बस्स. अशा चिठ्ठ्या आधी शब्दावार लावायच्या. मरे यांची अकरा मुले खाऊच्या पैशांसाठी हे काम करत, वयाप्रमाणे तासाचा दर वाढे. मग एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या सालावार. तिथवर काम यांत्रिक आहे. पुढे खरी परीक्षा. ‘सेट’चा गठ्ठा टेबलावर सोडवला, की एकाच क्रियापदाची शेकडो वाक्ये समोर येतात. एकात वैद्य, एकात खलाशी, एकात राजा कुणाला तरी गादीवर बसवतो आहे, एकात जेली घट्ट होते आहे. पहिली चळत ‘जागी ठेवणे’ची. पुढची चिठ्ठी तिच्यात जाते की नवी चळत करायची? खडा कोंदणात बसवणे हे ठेवणेच आहे, पण त्यात घट्टपणाही आहे. मग घट्टपणाची चळत वेगळी केली, तर जेली तिकडे जाते का? सिमेंट? विचार करणाऱ्या माणसाचा ताठ झालेला चेहरा? एक चिठ्ठी हलवली की शेजारच्या चार हलतात. कोणती चळत आधी, कोणती तिच्यातून फुटली, हे सालांवरून ताडायचे. आणि एखाद्या अर्थाला दोनशे वर्षांची खिंड पडलेली दिसली, तर मधल्या काळातले वाक्य शोधायला पुन्हा ग्रंथालयात जायचे.

या शोधाशोधीला एक कारण मरे यांच्या आधीच घडून गेले होते. वाचकांना सांगितले होते, की विशेष वाटणारे, जुने, नवे, विचित्र शब्द टिपा. वाचकांनी इमाने इतबारे तेच केले. परिणाम असा, की ‘अब्यूजन’ या मृतप्राय शब्दाच्या सुमारे ५० चिठ्ठ्या आल्या, आणि रोजच्या वापरातल्या ‘अब्यूज’च्या पाचही नव्हत्या. साधा शब्द कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तो दिसतच नाही, कारण माणूस त्यातूनच बघत असतो. एप्रिल १८७९ मध्ये मरे यांनी छापील आवाहन काढून इंग्रजी बोलणाऱ्या आणि वाचणाऱ्या साऱ्या जगाकडे मदत मागितली, त्यात साध्या शब्दांचीही भरपूर उदाहरणे पाठवा, विशेषतः वाक्यावरून अर्थ उलगडत असेल तर जरूर, असे बजावले. तरी साध्या क्रियापदांसाठी त्यांचे आणि सहायकांचे तासन् तास गेले.

हे तास वाचवणाऱ्यांत एक नाव हिंदुस्थानशी जोडलेले आहे. फिट्झएडवर्ड हॉल हे अमेरिकन. पळून गेलेल्या भावाला शोधायला निघाले आणि १८४६ मध्ये गंगेच्या मुखाशी जहाज फुटून इथेच राहिले. बनारसच्या सरकारी संस्कृत कॉलेजात त्यांनी शिकवले, संस्कृत ग्रंथ संपादले. १८५७च्या धामधुमीत सागरच्या किल्ल्यात काही महिने अडकून पडले. पुढे इंग्लंडला जाऊन लंडनच्या किंग्ज कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि शेवटी सफोकमधल्या एका खेड्यात एकटे राहू लागले. तिथून त्यांनी वीसेक वर्षे, रोज चार-चार तास, मरे यांच्या मुद्रितांवर काम केले. एका पैचे मानधन नाही. जिथे उदाहरणाची खिंड असेल तिथे हॉल आपल्या संग्रहातून वाक्य काढून देत.

ब्रॅडली कोशाकडे आले तेही असेच आडवाटेने. शेफिल्डमध्ये सुऱ्या-कात्र्यांच्या कारखान्यात वीस वर्षे पत्रव्यवहाराचे कारकून. भाषा स्वतः शिकलेले. १८८४ मध्ये कोशाचा ‘ए’ ते ‘अँट’ हा पहिला भाग निघाला, तेव्हा ब्रॅडली नुकतेच लंडनला आले होते. एका साप्ताहिकात त्यांनी त्याचे परीक्षण लिहिले. ते इतके जाणते होते, की मरे यांनी चौकशी करून लिहिणाऱ्याला गाठले. चारच वर्षांत ते स्वतंत्र संपादक झाले. ‘सेट’ त्यांच्या वाट्याला आला तो ‘एस’ अक्षराबरोबर. विल्यम क्रेगी यांच्याकडे ‘आर’ होता, म्हणजे ‘रन’ त्यांच्या पदरात. मरे स्वतः ‘टी’शी झुंजत होते. २६ जुलै १९१५ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हाही ‘टी’ पुरा व्हायचा होता. पहिल्या महायुद्धानंतर ब्रॅडली यांच्या हाताखाली एक तरुण सहायक आला, जे. आर. आर. टॉल्किन. ‘डब्ल्यू’चे शब्द त्याच्याकडे, आणि त्यांत ‘वॉन्ट’ हे क्रियापद. ‘वॉन्ट’चा जुना अर्थ उणे असणे असा होता. हवे असणे हा अर्थ पुढे त्यातून फुटला. ज्याची उणीव, त्याचीच ओढ, ही वाट त्या तरुणाने चिठ्ठ्यांवरून मांडली.

दहा वर्षांत पुरा व्हायचा कोश १९२८च्या एप्रिलमध्ये पुरा झाला. ४,१४,८२५ शब्द आणि १८,२७,३०६ अवतरणे. आलेल्या चिठ्ठ्या सुमारे ५० लाख. ब्रॅडली १९२३ मध्येच गेले होते.

१९८९ मध्ये दुसरी आवृत्ती २० खंडांत निघाली. तिच्यात ‘सेट’चे अर्थ ४३० वर गेले आणि ६० हजार शब्दांची ती नोंद कोशातली सर्वांत लांब ठरली. मग संगणकावर नव्याने संशोधन सुरू झाले आणि ‘सेट’चे सिंहासन डळमळले. आधी ‘मेक’ पुढे गेला, मग ‘पुट’, आणि २०११ मध्ये ‘रन’. पीटर गिलिव्हर या कोशकाराने नऊ महिने दुसरे काही न करता ‘रन’चा गठ्ठा सोडवला. क्रियापदाचे अर्थ भरले ६४५. टॉल्किनच्या कोशातल्या कामावर पुस्तक लिहिणाऱ्या तिघांपैकी गिलिव्हर एक. म्हणजे हा धंदा आपल्या पूर्वजांची आठवणही ठेवतो.

‘रन’ एवढा का फुगला, याचे उत्तर यंत्रांत आहे. माणसाचे धावणे आणि पाण्याचे वाहणे हे त्याचे जुने अर्थ. वाफेचे यंत्र आले आणि यंत्र ‘रन’ होऊ लागले, मग आगगाडी, गिरणी, दुकान, वर्तमानपत्र, शेवटी संगणकावरचा प्रोग्रॅम. इथे मराठीशी ताडून पाहण्यासारखे आहे. बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी गेली, पुढे मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या, तीच यंत्रे इकडेही आली. इंग्रजीत ती धावली, मराठीत ती चालली. गिरणी चालते, घड्याळ चालते, दुकान चालवतात, खटला चालतो, संसारही चालतो. नाक मात्र वाहते आणि धुण्यात कपड्याचा रंग जातो. निवडणुकीला अमेरिकेत ‘रन’ करतात, इंग्लंडात आणि महाराष्ट्रात उभे राहतात. एकच काम, पण कुठल्या भाषेने त्यात कोणती हालचाल पाहिली, हे क्रियापदावरून कळते. नामे तर उसनी घेता येतात. इंजिन, रेल्वे, मोटार आपण बिनदिक्कत घेतली. क्रियापद आपण आपलेच लावले.

म्हणूनच मराठीतल्या कोशकारांची कहाणी या कहाणीला लागून येते. मरे यांच्या कराराच्या ५० वर्षे आधी, १८२९ मध्ये, जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि इतर शास्त्री मंडळींचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ निघाला. १८३१ मध्ये जेम्स मोल्सवर्थ यांनी टॉमस आणि जॉर्ज कँडी या जुळ्या भावांच्या साथीने मराठी-इंग्रजी कोश काढला. १८५७ च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द होते. ट्रेंच यांनी लंडनमध्ये व्याख्याने दिली तेच हे वर्ष. या कोशात ‘लागणे’ उघडावे आणि वाचत जावे. भूक लागणे, ठेच लागणे, झाड लागणे, वेड लागणे, नोकरीला लागणे, नात्याने कुणाचा कोण लागणे. एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आणि त्याच्या शास्त्र्यांनी एका क्रियापदापुढे किती धीराने तळ ठोकला होता, ते तिथे दिसते. उलट दिशेचे, इंग्रजी-मराठीचे काम मोल्सवर्थनी सुरू केले आणि टॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये तडीस नेले. ‘सेट’सारख्या एका शब्दासमोर मराठीची क्रियापदे ओळीने उभी करण्याचा प्रसंग त्यांच्यावर पानोपानी आला.

पुढे यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड काढले, जुन्या ग्रंथांतले आधार देत. त्यानंतर दोन भागांत ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’. १९९९ मध्ये शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आला, त्याने यादवकालीन लेख आणि महानुभाव वाङ्मयापासूनचे शब्द आधारांसह समोर ठेवले. हा पाया भक्कम आहे. आता ‘लागणे’, ‘लावणे’, ‘बसणे’, ‘काढणे’, ‘मारणे’, ‘पडणे’ यांची लीळाचरित्रापासून आजपर्यंतची सालवार चरित्रे या पायावर उभी राहायला हवीत. फोन ‘लावणे’ केव्हा सुरू झाले? सेल्फी ‘काढणे’ आणि मिस्ड कॉल ‘मारणे’ कुणाच्या तोंडी आधी आले? रांगेत नंबर ‘लावणे’ शहरातून गावात गेले की गावातून शहरात? हे अर्थ आपल्या डोळ्यांदेखत जन्मले आहेत आणि त्यांची जन्मतारीख सांगणारी माणसे अजून हयात आहेत.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या, शेतावरच्या, बाजारातल्या, वर्कशॉपमधल्या बोलण्यात एखादे साधे क्रियापद अनोळखी कामाला जुंपलेले ऐकू आले, तर ते टिपून ठेवावे. वेगळा वाटणारा शब्द कुणीही टिपतो, साधा टिपावा. कागदाचा अर्धा तुकडा पुरतो. डाव्या कोपऱ्यात क्रियापद, खाली ऐकलेले वाक्य जसेच्या तसे, बोलणाऱ्याचे गाव, त्याचा धंदा आणि साल.